मोजक्या आसनांचे उपाहारगृह : ताटामागील गणित आणि ग्राहकाचे हक्क

देशातील महानगरांत आणि काही पर्यटनस्थळी गेल्या दशकभरात उपाहारगृहांचा एक वेगळा प्रकार रुळला आहे. दहा ते तीस आसने, एका संध्याकाळी एक किंवा दोनच पंगती, आचाऱ्याने ठरविलेली पदार्थांची मालिका, आगाऊ नोंदणी आणि माणशी काही हजार रुपयांचे देयक, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा पदोन्नती अशा निमित्ताने मध्यमवर्गीय कुटुंबेही वर्षातून एखादे वेळी तेथे जाऊ लागली आहेत. अशा भोजनाचे मूल्य एवढे का असते, आणि देयकातील कोणती रक्कम देणे ग्राहकावर बंधनकारक आहे, याचा हा आढावा.

एकामागून एक पदार्थ

सर्व पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडण्याची पद्धत युरोपातील उच्चभ्रू वर्गात दीर्घकाळ प्रचलित होती. एकोणिसाव्या शतकात तिची जागा हळूहळू 'रशियन पद्धती'ने घेतली. या पद्धतीत प्रत्येक पदार्थ ठरावीक क्रमाने, गरम असतानाच पाहुण्यांसमोर येतो. आजच्या 'टेस्टिंग मेन्यू'चे मूळ या क्रमात आहे. आपल्याकडील थाळीची कल्पना याच्या उलट आहे. थाळीत गोड, आंबट, तिखट, तुरट चवी एकत्र मांडल्या जातात आणि क्रम जेवणारा ठरवतो. टेस्टिंग मेन्यूत हा अधिकार आचाऱ्याकडे जातो.

जपानमध्ये ही कल्पना आणखी पुढे गेली. चहासमारंभाशी नाते सांगणारे 'काइसेकी' भोजन आणि 'तुमच्यावर सोपविले' अशा अर्थाची 'ओमाकासे' पद्धत यांत पाहुणा निवड करीत नाही. तो आचाऱ्यावर विश्वास टाकतो. टोकियोच्या गिन्झा भागात एका इमारतीच्या तळघरात असलेले 'सुकियाबाशी जिरो' हे सुशीगृह याचे सर्वपरिचित उदाहरण होय. दहाच आसनांच्या या जागेला २००७ मध्ये मिशलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. २०१४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांना जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी तेथेच भोजन दिले. पुढे सर्वसामान्यांसाठी नोंदणी खुली राहिली नसल्याने २०१९ मध्ये मार्गदर्शिकेने हे नाव वगळले.

भारतीय आचाऱ्यांची वाटचाल

कोलकात्यात जन्मलेले गगन आनंद यांच्या बँकॉक येथील 'गगन' या उपाहारगृहाने २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे आशियातील पन्नास सर्वोत्तम उपाहारगृहांच्या यादीत पहिला क्रमांक राखला. मूळच्या मुंबईच्या आणि काही काळ पत्रकारितेत काम केलेल्या गरिमा अरोरा यांना २०१८ मध्ये बँकॉकमधील 'गा' या उपाहारगृहासाठी मिशलिन तारा मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

मायदेशातही प्रयोग झाले. मुंबईत महालक्ष्मी परिसरातील जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ मध्ये 'मास्क' सुरू झाले. भारतातील निरनिराळ्या प्रदेशांतून मिळविलेल्या घटकांवर आधारित पदार्थमालिका ही त्याची ओळख ठरली. त्याचे संस्थापक आचारी प्रतीक साधू यांनी २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशात कसौलीजवळ 'नार' हे मोजक्या आसनांचे उपाहारगृह उघडले. हिमालयीन प्रदेशांतील खाद्यपरंपरा हा त्याचा विषय आहे.

मूल्य का वाढते?

याचे उत्तर बव्हंशी अंकगणितात दडलेले आहे. वानगीदाखल, वर्दळीच्या ठिकाणी साठ आसनांचे उडुपी उपाहारगृह दिवसभरात दहा वेळा भरले, तर सहाशे ग्राहक होतात. वीस आसनांच्या जागेत रात्री एकच पंगत बसली, तर ग्राहक अवघे वीस. जागेचे भाडे, वीज, आचारी, वाढपी आणि नासाडी यांचा भार सहाशेऐवजी वीस जणांवर विभागला जातो. शिवाय मालिकेतील प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र पूर्वतयारी आणि स्वतंत्र भांडी लागतात, त्यामुळे ग्राहकांच्या मानाने मनुष्यबळ अधिक लागते.

आगाऊ रक्कम घेण्याचे कारणही यातच आहे. वीसपैकी तीन जण न कळविता अनुपस्थित राहिले, तर त्या संध्याकाळचे पंधरा टक्के उत्पन्न बुडते. बाजारहाट मात्र वीस जणांचा झालेला असतो. साठ आसनांच्या उपाहारगृहात रिकामी खुर्ची काही मिनिटांत भरते. येथे ती रात्रभर रिकामी राहते.

तथापि एवढे मूल्य आकारूनही हा व्यवसाय नफ्याचा असतोच असे नाही. कोपनहेगन येथील 'नोमा' हे पाच वेळा जगातील सर्वोत्तम ठरलेले उपाहारगृह. तेथील प्रशिक्षणार्थींना बराच काळ वेतन दिले जात नव्हते. २०२२ च्या अखेरीस ते सुरू झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०२३ मध्ये, नेहमीची भोजनसेवा थांबवून संस्थेला खाद्यप्रयोगशाळेचे रूप देण्याचा मनोदय मुख्य आचारी रेने रेडझेपी यांनी जाहीर केला. अशा स्वरूपाचे उपाहारगृह आर्थिक आणि मानवी, दोन्ही दृष्टींनी टिकविणे कठीण असल्याचे त्यांचे म्हणणे होते. सुबक ताटामागे कोणाचे किती श्रम आहेत आणि त्यांचा मोबदला कोण देतो, हा प्रश्न त्यामुळे जगभर चर्चेत आला.

देयकात काय असावे?

हाच प्रश्न भारतात सेवाशुल्काच्या रूपाने न्यायालयात गेला. अनेक उपाहारगृहे खाद्यपदार्थांच्या किमतीवर पाच ते दहा टक्के किंवा त्याहून अधिक सेवाशुल्क आपोआप जोडत असत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार सेवाशुल्क देयकात आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही, ते नाकारणाऱ्यास प्रवेश वा सेवा नाकारता येत नाही आणि ते देयकात मिळवून त्यावर वस्तू व सेवा कर लावता येत नाही.

उपाहारगृहचालकांच्या संघटनांनी या तत्त्वांना आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्येच अंतरिम स्थगिती दिली. परंतु २८ मार्च २०२५ रोजी एकल पीठाने याचिका फेटाळून मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरविली. सेवाशुल्क कर्मचाऱ्यांच्या हिताचे असल्याचा संघटनांचा युक्तिवाद होता. ग्राहकाने स्वेच्छेने बक्षिशी देण्यास या निर्णयाने आडकाठी केलेली नाही. निर्णयाविरुद्ध संघटनांनी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागितली.

एका उदाहरणावरून फरक स्पष्ट होईल. दोघांच्या भोजनाची किंमत १०,००० रुपये असल्यास पाच टक्के कर धरून देयक १०,५०० रुपये होते. त्यात आधी दहा टक्के सेवाशुल्क मिळविले आणि मग कर लावला, तर ते ११,५५० रुपयांवर जाते. हा फरक १,०५० रुपयांचा आहे.

करांबाबतही स्पष्टता आवश्यक आहे. स्वतंत्र उपाहारगृहात वस्तू व सेवा कर पाच टक्के असतो, तर महागड्या निवासी हॉटेलांतील उपाहारगृहांत तो अठरा टक्के असू शकतो. मद्य या कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याच्या नियमांनुसार कर लागतो. बाटलीबंद पाण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्णय दिला, की उपाहारगृहातील व्यवहार केवळ विक्रीचा नसून त्यात सेवाही असते. त्यामुळे छापील किमतीपेक्षा अधिक रक्कम घेता येते. म्हणून पाणी मागविण्यापूर्वी दर विचारणे हिताचे ठरते.

ग्राहकाने काय करावे?

नोंदणी करताना आगाऊ रक्कम, रद्द करण्याची मुदत आणि परताव्याच्या अटी लेखी स्वरूपात पाहून घ्याव्यात. पदार्थमालिका ठरलेली असल्याने शाकाहार, उपवास किंवा एखाद्या घटकाची ॲलर्जी यांची कल्पना आधीच द्यावी. ऐनवेळी बदल करणे लहान स्वयंपाकघरास शक्य नसते. जाहीर केलेल्या दरात कर समाविष्ट आहे किंवा नाही, हेही विचारावे.

देयकात सेवाशुल्क आढळल्यास ते वगळण्याची विनंती प्रथम व्यवस्थापकाकडे करावी. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. जिल्हाधिकारी, ग्राहक आयोग किंवा प्राधिकरणाकडेही दाद मागता येते. त्यासाठी मूळ देयक जपून ठेवावे. सेवा मनापासून आवडली असल्यास बक्षीस रक्कम वाढप्याच्या हाती द्यावी; तिचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार मात्र सर्वस्वी ग्राहकाचाच आहे.