चौथीचे गिऱ्हाईक, सातवीचे गिऱ्हाईक

ईदसाठी मुलांचे रेडिमेड कपडे भरणाऱ्या दुकानदाराचे भांडवल बहुधा २८ ते ३४ नंबरच्या मालात अडकते. हा माल घालणारे मूल चौथीतून सातवीकडे चाललेले असते आणि याच तीन वर्षांत त्याची आवड पालटते.

चौथीपर्यंत कपडा आई पसंत करते. भाव, टिकाऊपणा आणि पुढच्या वर्षी पुरेल असे माप ती पाहते. मूल छातीवरच्या छोटा भीम किंवा मोटू-पतलूच्या चित्रावर खूश असते. सहावीत त्याला त्याच चित्राची लाज वाटते. आता त्याची नजर वर्गमित्रांवर, मोठ्या भावावर आणि मोबाइलमधल्या क्रिकेटपटूंवर असते. पैसे वडिलांचे, पण पसंती मुलाची!

म्हणून चित्रांचा माल २६ नंबरपर्यंतच भरावा. ३० पासून पुढे मोठ्यांच्या धर्तीचे कुर्ते, पठाणी आणि जीन्स ठेवाव्यात. एका डिझाइनचे नग थोडे घ्यावेत, रंग जास्त घ्यावेत. ईदनंतर उरलेली फॅशन पुढच्या ईदला खपेलच, याचा भरवसा नाही.

शिंपी बांधवांसाठी

मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी, दहा-अकराव्या वर्षीच वेग घेते. तेव्हा या वयाच्या कमीज-शराऱ्यात बाजूच्या शिवणीला आणि खालच्या दुमडीला माया जास्त सोडावी. बाही, उंची व अस्तर यांबाबत आईबरोबर मुलीलाही विचारावे. तिला न आवडलेला जोड एकदाच अंगावर चढतो आणि दोष मात्र शिलाईवर येतो. घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनींना या वयाच्या मुलींचे काम मिळू शकते, कारण मुली त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात.

खेळण्यांचा माल

येथेही तोच बदल दिसतो. गाडी-बाहुली मागे पडते आणि बॅट, बॅडमिंटन, कॅरम, सायकल यांची मागणी सुरू होते. मात्र एक कायदा ध्यानात ठेवावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या स्वतःच्या मालाला यातून सूट आहे. लाकडी खेळणी करणाऱ्यांनी ही नोंदणी अवश्य करून घ्यावी.

गिऱ्हाईक आले की आधी मुलाची इयत्ता विचारावी, टेप नंतर काढावी. माप वयावरून कळते, पसंती इयत्तेवरून.