धूरफवारणीचे यंत्र का अडकते?



पावसाला थोडी उघडीप मिळते, गावात दोन-चार घरांत तापाचे आजारी निघतात, रक्ततपासणीत डेंग्यू असल्याचे कळते, आणि मग ग्रामपंचायतीला आपल्या धूरफवारणीच्या यंत्राची आठवण होते. कोठीतल्या पोत्यांमागून ते बाहेर काढले जाते. धूळ झटकली जाते, पेट्रोल भरले जाते. शिपाई पंप मारून मारून घामाघूम होतो. पण यंत्र एक तर सुरूच होत नाही, नाहीतर नुसते फडफडते आणि नळीच्या तोंडातून धुराचा एक धागाही येत नाही. मग ते तालुक्याला दुरुस्तीसाठी जाते आणि आठ-दहा दिवस तिकडेच राहते. डास काही तेवढे दिवस थांबत नाहीत. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे यंत्र परत येईपर्यंत डासांची नवी पिढी तयार!

अशा वेळी यंत्र मोडलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते नुसते तुंबलेले असते. आणि ते आज तुंबलेले नसते. गेल्या वर्षी काम संपल्यावर तसेच ओले ठेवून दिले, त्या संध्याकाळीच तुंबायला लागलेले असते. ही गोष्ट नीट समजली तर बरेचसे काम गावातच होऊ शकते.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. खांद्याला अडकवायच्या लांब नळीच्या यंत्राबद्दल मी बोलतो आहे. यात फिरणारे चाक नाही, दट्ट्याचे इंजिन नाही. एका कोठीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचा लहानसा भडका उडतो. त्याचे गरम वायू नळीतून बाहेर धावतात. त्यामुळे मागे पोकळी होते आणि एका पातळ पडद्यातून ताजी हवा व पेट्रोल आत ओढले जाते, की पुन्हा भडका. हे एका सेकंदात कित्येक वेळा घडते, म्हणून त्याचा सलग घरघराट ऐकू येतो. ठिणगी लागते ती सुरुवातीलाच. पुढे आतल्या उष्णतेनेच काम चालते. १९४४ साली जर्मनीने लंडनवर जे व्ही-१ नावाचे उडते बॉम्ब सोडले, त्यांचे इंजिन याच तत्त्वावरचे होते. तेच तत्त्व आज डास मारायला वापरले जाते.

आता औषध. डिझेलमध्ये मिसळलेले औषध एका बारीक छिद्रातून, म्हणजे नोझलमधून, त्या गरम नळीत सोडतात. उष्णतेने त्याची वाफ होते. ती बाहेरच्या गार हवेत आली की तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. आपण त्याला धूर म्हणतो, पण खरे पाहता ते धुकेच आहे. यातले बहुतेक थेंब आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतात, म्हणून ते हवेत तरंगत राहतात आणि उडत्या डासाला लागतात.

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोचले नाही, तर शेतकरी काय करतो? वाफ्यापासून पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि पाणी कुठे अडले ते पाहतो. इथेही तसेच करायचे. या यंत्रात दोन पाट आहेत: एक पेट्रोलचा आणि एक औषधाचा. अडथळा कोणत्या पाटात आहे ते कान सांगतो. घरघराट एकसारखा आणि जोरदार असेल, पण धूर नसेल, तर पेट्रोलचा पाट ठीक आहे. दोष औषधाच्या पाटात शोधा. यंत्र पेटतच नसेल किंवा अडखळत असेल, तर औषधाकडे पाहूच नका. दोष पेट्रोल, ठिणगी, पडदा किंवा नळी यांपैकी कशात तरी आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम संपते.

हात लावण्यापूर्वी यंत्र पूर्ण गार होऊ द्या. हातमोजे घाला. टाकीत दाब राहिलेला असतो, म्हणून झाकण हळूहळू सैल करा.

औषधाचा पाट झाकणापासून सुरू होतो. या टाकीत इंजिनच्याच दाबाची हवा शिरते आणि ती औषधाला पुढे ढकलते. झाकणाचा वायसर चिरला असेल किंवा झाकण तिरके बसले असेल, तर दाब धरत नाही आणि सगळे काही स्वच्छ असूनही धूर येत नाही. त्यानंतर हवा आत नेणारी बारीक नळी आणि तिच्यातली एकाच दिशेने उघडणारी झडप पाहा. ती चिकटलेली असते. मग औषध उचलणाऱ्या नळीच्या टोकाची गाळणी, मग तोटी आणि शेवटी नोझल. नोझल काढून उजेडाकडे धरा. छिद्र गोल आणि लख्ख दिसले पाहिजे. गेल्या वर्षीचे औषध उष्णतेने आटून तिथे डिंकासारखे घट्ट बसलेले असते. ते नोझल स्वच्छ डिझेलमध्ये काही तास भिजत ठेवा, मऊ कुंचल्याने घासा आणि सायकलच्या पंपाने हवा मारून मोकळे करा.

इथे दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा.

पहिली, छिद्रात सुई किंवा तार घालू नका. नोझल पितळेसारख्या मऊ धातूचे असते. तारेने छिद्र रुंदावते. रुंद छिद्रातून औषध इतके जास्त येते, की नळीची उष्णता त्याची वाफ करायला पुरत नाही. मग धुक्याऐवजी ओले थेंब जमिनीवर पडतात. औषध वाया जाते, डास तसेच राहतात, आणि कधी कधी तोंडाशी जाळही होतो.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. नोझल तोंडाला लावून फुंकू नका. शेतातल्या फवारणी पंपामुळे ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. तुंबले की लावले तोंडाला! पण या कामी वापरले जाणारे मॅलॅथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला दवाखान्यात न्या आणि औषधाच्या बाटलीवरचे लेबल डॉक्टरांना दाखवा.

यंत्र पेटतच नसेल तर आधी बॅटरीचे सेल पाहा, मग प्लगवरची काजळी पुसा. जुने पेट्रोल ओतून टाका. साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरच्या छिद्रात बसतो. हवा ओढणारा पातळ पडदा अलगद काढून कोरडा पुसा; तो वाकला असेल तर नवाच घाला. यंत्र पेटते पण जोर धरत नाही, तेव्हा लांब नळीत काजळी साचलेली असते. यंत्राबरोबर येणाऱ्या लांब दांडीच्या ब्रशने ती खरवडून काढा. प्रत्येक बनावटीत सुट्या भागांची मांडणी थोडी वेगळी असते, म्हणून माहितीपुस्तिका यंत्राजवळच ठेवावी.

आता मुख्य मुद्दा: यंत्र तुंबूच नये म्हणून काय करावे? मिश्रण आरोग्य विभागाने सांगितलेल्या प्रमाणातच करावे आणि टाकीत गाळूनच ओतावे. काम संपले की आधी औषधाची तोटी बंद करावी, मग धूर पूर्ण थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, आणि त्यानंतरच ते बंद करावे. हा क्रम चुकला तर उरलेले औषध गरम नळीत तसेच राहते आणि करपते. चालता चालता यंत्र आपोआप बंद पडले, तरी पहिला हात तोटीकडेच गेला पाहिजे. नाहीतर तापलेल्या नळीत औषध ठिबकून पेट घेते. गरम यंत्रात पेट्रोल कधीही भरू नये. हंगाम संपला की टाकी रिकामी करून थोडे निव्वळ डिझेल त्याच वाटेने चालवावे, पेट्रोल काढून घ्यावे आणि सेल काढून ठेवावेत. या कामाला फार तर अर्धा तास लागतो. मग उन्हाळ्याच्या शेवटी एकदा यंत्र चालवून पाहावे, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. फवारणीचे यंत्र गल्लीत आले, की मुले त्या धुक्यात ओरडत पळतात. त्यांना तिथून दूर ठेवणे हे आपले काम आहे. आणि दुसरे असे, की हे धुके उडणारा डासच मारते. रांजणातल्या, टायरमधल्या, कूलरमधल्या अळीला ते काही करत नाही. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवण्याचा परिपाठ मुलांमार्फत घरोघरी जाऊ शकतो. एका काचेच्या बाटलीत अळ्यांचे पाणी घेऊन तोंडाला जाळीचे फडके बांधा आणि वर्गात ठेवा. आठवड्याभरात त्यातून डास निघालेले मुलांनी स्वतः पाहिले, की वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

यंत्र हे साथीच्या दिवसांतले हत्यार आहे. गरजेच्या दिवशी ते चालावे असे वाटत असेल, तर ते ठेवण्याच्या दिवशी स्वच्छ केले पाहिजे. ग्रामपंचायतीने हे काम एका माणसाकडे नावानिशी सोपवावे, त्याला हातमोजे, तोंडाला बांधायचे योग्य साधन आणि एक चांगला ब्रश द्यावा. तालुक्याच्या एका खेपेला जो खर्च येतो, त्यापुढे हा खर्च फार नाही.