चित्रकाराचे 'रिकामे' दिवस

चित्रकार म्हटला की तो लहरी असावयाचाच. मनाला वाटले तर कुंचला हाती घेईल, न वाटले तर आठवडाभर खिडकीपाशी बसून राहील, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. नोकरदार माणसाला या जीवनाचा थोडा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो. आमच्या कचेरीत कामाची मोजदाद दैनंदिनीत होते. किती प्रकरणे निकालात निघाली आणि किती शिल्लक राहिली, याचा आकडा महिनाअखेर वर पाठवावा लागतो. शिक्षकांना टाचण काढावे लागते, ग्रामपंचायतीला नोंदवह्या ठेवाव्या लागतात. ज्या दिवसापुढे काही लिहिता येत नाही तो दिवस वाया गेला, हे आपल्या अंगवळणी पडलेले गणित आहे.

हेच गणित विख्यात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना लावून पाहिले तर मोठी पंचाईत होते. त्यांच्या परिपक्व काळात वर्षाकाठी त्यांच्या हातून साधारणतः पाच-सहाच चित्रे पुरी होत. संसार त्यांनी मांडला नव्हता. दिल्लीत आल्यावर चित्रकलेवाचून दुसरा उद्योगही नव्हता. मग वर्षाचे उरलेले दिवस हा मनुष्य काय करीत होता? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास चित्रकाराच्या नित्य जीवनाविषयी आणि त्यातील चढउतारांविषयी बरेच काही उमगते.

चाळीतून चित्रशाळेत

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पुढे कुटुंबाचे वास्तव्य मुंबईत, गिरगावातील चाळीत झाले. मुलाने चित्रकलेच्या मागे लागावे हे वडिलांना पसंत नव्हते. मध्यमवर्गीय घरात असा विरोध होणे त्या काळी स्वाभाविकच होते आणि आजही तो पुरता मावळला आहे असे नाही. विरोध पत्करून ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेतून १९४८ मध्ये त्यांनी पदविका मिळविली.

तो काळ भारतीय चित्रकलेत मोठ्या मंथनाचा होता. समोर दिसते तसे हुबेहूब रंगविण्याचे पाश्चात्त्य शिक्षण एकीकडे आणि जैन पोथ्यांतील, बसोली शैलीतील लघुचित्रांची परंपरा दुसरीकडे. गायतोंडे यांनी प्रथम लघुचित्रांची सपाट, तेजस्वी रंगयोजना आणि नेमकी रेषा आत्मसात केली. नंतर स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले चित्रकार पॉल क्ले यांच्या कामाने ते प्रभावित झाले आणि त्यांच्या चित्रांतील माणसे, पक्षी, घरे हळूहळू विरळ होत गेली.

मुंबईत १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी पुढे त्यांचा संबंध आला. या पिढीतील चित्रकारांचे दिवस कसे जात हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हुसेन यांनी पोटासाठी चित्रपटांचे फलक रंगविले. आरा यांनी लोकांच्या घरी नोकर म्हणून कष्ट उपसले आणि मोटारी धुतल्या. चित्र विकले जाणे हा अपवाद होता. विकले गेले तरी येणारी रक्कम रंग आणि कॅनव्हासातच पुन्हा जिरून जाई. कलावंताचे जीवन स्वच्छंद असते असे म्हणणाऱ्यांनी हा जमाखर्च विसरू नये.

समुद्राकाठची खोली

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गायतोंडे यांना मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करावयास जागा मिळाली. त्या रस्त्याला आता भुलाभाई देसाई यांचेच नाव आहे. ती वास्तू मात्र राहिलेली नाही. तेथे एका छपराखाली चित्रकारांच्या खोल्या होत्या, अल्काझी यांच्या नाटकाच्या तालमी चालत, रविशंकर यांच्या सतारीचे सूर कानी पडत. मागे अरबी समुद्र पसरलेला होता. गायतोंडे तासन् तास त्या समुद्राकडे पाहत बसत.

येणाऱ्याजाणाऱ्याला हे बसणे निष्क्रियतेचे वाटले असल्यास नवल नाही. परंतु याच वर्षांत त्यांच्या चित्रांतून आकृती पूर्णपणे गेली आणि क्षितिजासारखे आडवे पट्टे, पाण्यासारखी खोली, धुक्यासारखा प्रकाश आला. त्यांनी समुद्राचे चित्र काढले असे कोणी म्हटलेले त्यांना रुचले नसते. आपल्या कामाला ते 'अमूर्त' हा शब्दही वापरीत नसत. ते 'वस्तुनिरपेक्ष' आहे, असे त्यांचे म्हणणे असे. एखाद्या वस्तूचे रूप गाळून उरलेले असे ते चित्र नव्हते. मुळापासून रंग आणि प्रकाश हाच त्याचा विषय होता. १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. परत आल्यावर त्यांचे काम अधिक संथ आणि अधिक मोजके झाले.

चित्र कसे घडे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गायतोंडे यांनी पुढे कुंचल्याचा वापर जवळजवळ सोडला. त्यांची हत्यारे म्हणजे रबरी रोलर आणि रंग कालवावयाची पातळ पात्याची सुरी. कॅनव्हासवर ते तैलरंगाचा एक पातळ थर देत. तो थर वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. कधी ओला रंग सुरीने खरवडून खालचा रंग उघडा करीत. कधी कागदाच्या फाडलेल्या तुकड्यांना रंग लावून ते कॅनव्हासवर दाबीत आणि अलगद उचलून घेत. मागे राहिलेला ठसा एखाद्या अनोळखी लिपीतील अक्षरासारखा भासे. अशा अनेक थरांमधून उजेड आतून झिरपत असल्याचा भास पाहणाऱ्याला होतो.

येथे एक साधी तांत्रिक बाब सांगितली पाहिजे. तैलरंग लवकर वाळत नाही. जाडी आणि हवामान यांनुसार एका थराला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. घाई केली तर वरचा थर तडकतो किंवा खालचा रंग वर मिसळून गढूळ होतो. तेव्हा चित्रकाराच्या स्वस्थ बसण्यातील काही दिवस तर रंगच मागून घेतो. या दिवसांत चित्रकार समोर बसून पाहतो. पुढचा थर द्यावा की नको, दिल्यास कोठे द्यावा, हा निर्णय त्या पाहण्यातून होतो. त्याहूनही कठीण निर्णय म्हणजे थांबण्याचा. एक थर अधिक पडला की महिनाभराचे काम नासते आणि ते पुसून मागे जाता येत नाही.

वाफसा

हा पहिला हिशेब झाला. दुसरा हिशेब अधिक सूक्ष्म आहे आणि तो ग्रामीण वाचकाला शहरातल्या वाचकापेक्षा चटकन समजेल.

मृगाचा पाऊस पडला म्हणून जाणता शेतकरी त्याच दिवशी तिफण जुंपत नाही. जमीन फार ओली असेल तर बी कुजते, ढेकळे बांधली जातात. फार सुकली तर उगवणच होत नाही. ओल आणि हवा यांचा मेळ जमून वाफसा येईपर्यंत तो बांधावर जातो, माती मुठीत घेऊन दाबून पाहतो आणि परत येतो. रस्त्याने जाणाऱ्याला तो हिंडताना दिसतो. त्याचे काम मात्र चालूच असते.

गायतोंडे यांचे रिकामे दिवस हे असे वाफशाचे दिवस होते. १९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला निजामुद्दीन भागात राहावयास गेले. आदल्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. तरीही त्यांचे बिऱ्हाड गच्चीवरील एका लहानशा जागेत होते आणि तेथे सामान बेताचेच असे. संगीत ऐकणे, पुस्तके वाचणे, चांगले चित्रपट पाहणे आणि पुष्कळ वेळ काहीही न करणे, असा त्यांचा क्रम होता. झेन विचार, रमण महर्षी, तसेच मुंबईतील खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणुकीकडे त्यांचा ओढा होता. मन निवळले, आतील गलबला थांबला की मगच हात चालावा, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांच्या कामात घाईने केलेले, केवळ प्रदर्शनाची तारीख आली म्हणून पुरे केलेले असे काही सहसा आढळत नाही.

याचा अर्थ स्वस्थ बसणारा प्रत्येक माणूस कलावंत असतो, असा कोणी घेऊ नये. बांधावर जाणारा शेतकरी आणि पारावर झोपणारा गडी यांत फरक आहे. शेतकऱ्याची तिफण घासूनपुसून तयार असते, बियाणे निवडलेले असते आणि वाफसा आला की तो रात्रीचीही झोप मोडतो. गायतोंडे यांची पन्नास वर्षांची साधना पाहिली म्हणजे त्यांची तिफण सदैव तयार होती, याविषयी शंका उरत नाही.

हात थांबला तेव्हा

परंतु कलावंताच्या जीवनात असेही दिवस येतात की जे त्याने निवडलेले नसतात. १९८४ मध्ये दिल्लीत गायतोंडे यांना अपघात झाला. मानेला व पाठीला झालेल्या दुखापतीमुळे मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर चालविणे त्यांना काही वर्षे अशक्य झाले. साठीला आलेला, एकटा राहणारा, मोजके विकणारा चित्रकार आणि त्याचे शरीरच त्याला काम करू देत नाही, अशी ही अवस्था होती. ही विश्रांती वाफशाची नव्हती; हे अवर्षण होते.

या काळात त्यांनी लहान कागद जवळ केले. १९८५ ते १९८७ या वर्षांतील त्यांची शाईची रेखाटने हाताच्या आवाक्यात मावतील एवढीच आहेत. काही जाड काळ्या खुणा आणि भोवती पांढरा कागद, एवढाच त्यांचा ऐवज. मोठे करता येत नाही म्हणून लहान केले, असे त्यांचे वर्णन कोणी करील. परंतु मोठ्या चित्रांतील संयम या कागदांतही तितकाच आहे. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. शतक संपता संपता त्यांनी रंगकाम थांबविले. चित्रे आता आपण मनातच रंगवितो, अशा अर्थाचे ते भेटावयास येणाऱ्यांना सांगत. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले. निजामुद्दीनच्या त्या खोलीत यातील एक रुपयाही पोचला नाही. कोटींचा आकडा ऐकून चकित होणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की बाजाराने किंमत केली ती पूर्ण झालेल्या चित्राची. ज्या दिवसांतून ते चित्र आले त्या दिवसांचा खर्च त्या माणसाने एकट्याने सोसला होता.

आपले काम काय?

हा सारा विषय मुंबई-दिल्लीचा आहे, आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. संबंध आहे आणि तो निकटचा आहे.

एका तालुक्याच्या गावी शासकीय रेखाकला परीक्षेच्या केंद्रावर प्रस्तुत लेखक कामानिमित्त गेला होता. स्मरणचित्राचा तास चालू होता. एक मुलगा अर्धा तास कोऱ्या कागदाकडे पाहत बसलेला होता. पर्यवेक्षकांनी त्याला दोनदा हटकले, तिसऱ्यांदा ते रागावले. मुलाने घाईघाईने शेजाऱ्यासारखाच डोंगर, त्यामागे सूर्य आणि पुढे झोपडी काढली. पर्यवेक्षकांचा हेतू वाईट नव्हता; वेळ संपत चालली होती. परंतु त्या अर्ध्या तासात त्या मुलाला काय दिसत होते, हे आता कोणालाच कळणार नाही.

परीक्षेला वेळेचे बंधन असणारच. मात्र वर्षभरातील चित्रकलेच्या तासांना ते इतके कडक असण्याचे कारण नाही. फळ्यावर नमुना काढून तो उतरवून घेण्याऐवजी महिन्यातून एखादा तास मुलांना नुसते पाहण्यासाठी द्यावा. ओढ्याकाठी न्यावे, बाजाराच्या दिवशी चावडीपाशी बसवावे, आणि त्या दिवशी चित्र मागू नये. आठवड्याने मागावे. मुंबईला सहल जाणार असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय कार्यक्रमात घालावे आणि मुलांना एका चित्रासमोर पाच मिनिटे शांत उभे करावे.

पंचायत सदस्यांच्या हातीही काही गोष्टी आहेत. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्यात मानधन योजना आहे. गावातल्या वृद्ध कलावंताचा अर्ज पुढे आला की 'हल्ली ते करतात काय?' असा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. या प्रश्नाला कागदावर उत्तर नसते. हात थांबलेल्या माणसाने पूर्वी काय पेरले हे गावाला ठाऊक असते. ते सांगण्यासाठी कोणीतरी उठून उभे राहिले पाहिजे.

नोंदवही आवश्यक आहे, तिच्यावाचून कारभार चालत नाही. तरीही तिच्यात एखादा रकाना कोरा दिसला, तर त्यावर लगेच तांबडी रेघ ओढू नये. आधी बांधावर जाऊन मूठभर माती दाबून पाहावी.