सीहोरची शिडी

तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर आजोबा हात ताठ करून मूठ धरत. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, आणि तिच्या जरासा वर ध्रुव. ‘‘रायपूरला दोन मुठी. काशीला गेलास तर अडीच भरतील. मग जमीन सपाट कशी रे?’’ एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, हे मला पुढे कळलं. ही युक्ती भास्कराचार्यांची आहे, हे त्याहून उशिरा. दक्षिणोत्तर दोन गावांमधलं अंतर घ्या, ध्रुवाच्या उंचीतला फरक घ्या, त्रैराशिक मांडा. त्यांचा पृथ्वीचा परीघ निघाला ४९६७ योजनं. उलट पुराणांतली पृथ्वी पन्नास कोटी योजनांची, मध्ये मेरू, आणि भागवतात तर चंद्र सूर्याच्याही लाखभर योजनं वर.

कोपर्निकस, गॅलिलिओ, न्यूटन ही नावं शाळेत आपण सगळ्यांनीच घोकली. मला त्यांच्यापेक्षा सुबाजी बापूंचं वेड जास्त. हे शास्त्री सीहोरचे. भोपाळ दरबाराकडचा कंपनीचा पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन सीहोरला राही आणि तिथली संस्कृत पाठशाळा चालवी. १८३४ साली त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. म्हणणं असं, की इथल्या माणसाला एकदम कोपर्निकस सांगाल तर तो कानांवर हात ठेवील. आधी त्याचाच भास्कर त्याच्यापुढे ठेवा. पृथ्वी गोल आहे, निराधार आहे, जड वस्तू स्वतःकडे ओढते, एवढं भास्कराच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ११५० पासून लिहिलेलंच आहे. त्या पायरीवर माणूस चढला की पुढची पायरी फार उंच नाही.

शिडी हुशारीची होती, आणि थोडी लबाडीचीही. भास्कराचार्यांची पृथ्वी गोल खरी, पण जागची हलत नाही. तिला स्वतःभोवती फिरवणारे आर्यभट. चालत्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हा त्यांचा दृष्टान्त ४९९ सालचा. हजार वर्षांनी कोपर्निकसने नावेचाच दाखला दिला, तोही आपल्या लॅटिन कवीचा हवाला देऊन. पण सूर्याभोवतीची प्रदक्षिणा मात्र भास्करातून निघत नाही. ती उडी सुबाजी बापूंना स्वतःच मारावी लागली.

ती त्यांनी मराठीत मारली. १८३६ चा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ पुराणांचं, सिद्धान्तांचं आणि कोपर्निकसचं अशी तिन्ही विश्वं शेजारी मांडतो आणि तिसऱ्याच्या बाजूने कौल देतो. गंमत बघा, रोमच्या चर्चने कोपर्निकस आणि गॅलिलिओची पुस्तकं निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून काढली ती १८३५ च्या आवृत्तीत. म्हणजे रोमने हात सैल सोडला आणि वर्षभरात एका शास्त्र्याने तेच मत मराठीत मांडलं. ‘विलायतेत उजेड, आपल्याकडे अंधार’ हे पालुपद आळवणाऱ्यांनी ही दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत.

गप्प बसेल ते पुणं कसलं? तिथल्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी पुराणांची बाजू घेतली. पुराण आणि सिद्धान्त यांच्यात ‘विरोध’ आहे की ‘अविरोध’, यावर संस्कृतात ग्रंथाला ग्रंथ भिडले. त्या खंडनमंडनात मी इथे शिरत नाही. इकडे विल्किन्सन १८३८ साली नागपुरात असताना (आमचं रायपूरही तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात) ढुंढिराज मिश्रांकडे लीलावती शिकणारा एक तरुण त्याच्या नजरेत भरला. त्याला त्याने सीहोरला नेलं. तेच पुढे काशीचे बापूदेवशास्त्री. १८४२ पासून ते तिथल्या संस्कृत कॉलेजात रेखागणित शिकवत होते. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय.

मला अडकवलं ते १८३९ च्या एका पुस्तकाने. विल्किन्सनने ‘वज्रसूची’ छापायला काढली. बौद्ध कवी अश्वघोषाच्या नावावर चालणारं हे प्रकरण जन्माने येणाऱ्या ब्राह्मण्याचे वाभाडे काढतं. साहेबाला वाटलं असणार, ज्याने पृथ्वी हलवली तो इथेही हलेल. सुबाजी बापू हलले नाहीत. त्यांनी ‘टंक’ नावाचं उत्तर लिहिलं. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. वज्राच्या सुईवर छिन्नी! आणि ते उत्तर त्याच पुस्तकात, ‘वज्रसूची’च्या पाठोपाठ छापलं गेलं.

आपण सुबाजी बापूंचं कौतुक करायला बसतो आणि इथे घास अडकतो. पुराणातला मेरू त्यांनी निरीक्षण आणि गणिताच्या जोरावर बाजूला सारला. जातीचा प्रश्न आला तेव्हा मात्र ते परंपरेच्या बाजूने उभे राहिले. विल्किन्सन १८४१ साली वारला. या दोघांची जातीवरून कधी समोरासमोर जुंपली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक. कोपर्निकस मराठीत आणायला सुबाजी बापू लागले. ‘वज्रसूची’ला मराठीत यायला मात्र त्यांची वाट पाहावी लागली नव्हती. तुकोबांची शिष्या बहिणाबाई गॅलिलिओवर खटला चालला तेव्हा पाच वर्षांची होती. मोठेपणी तिने ‘वज्रसूची’ अभंगांत उतरवली, ‘टंका’च्या शंभराहून अधिक वर्षं आधी.