भिजलेल्या कॅसेटी आणि कोरडे सल्ले

जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात आलेला पूर बाहेरच्यांच्या लक्षात राहिला तो महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यामुळे. तिथे अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. त्याच पावसात यवतमाळ शहरातल्या कित्येक घरांतही पाणी शिरलं. अशा वेळी आधी माणसं, मग जनावरं, मग धान्य, मग सातबारा आणि मुलांच्या मार्कशीटा. जुना टीव्ही गेम कोणाच्याच यादीत नसतो, आणि नसावाही. पाणी ओसरलं, घर झाडून झालं, की मग कुणीतरी दिवाणाची पेटी उघडतं. आत चिखलात बसलेला लिटल मास्टर, मीडिया किंवा टर्मिनेटर, पाचपन्नास पिवळ्या-काळ्या कॅसेटी, प्लेस्टेशनच्या सीड्या आणि फुगलेले पुठ्ठ्याचे खोके. त्यानंतर सुरू होतात सल्ले. त्यातले बरेचसे पुरापेक्षा जास्त नुकसान करतात.

पहिला गैरसमज पूर येण्याआधीचाच आहे: आमचं घर नदीकाठी नाही. पैनगंगा, वर्धा, अरुणावती, बेंबळा दूर असल्या म्हणून भागत नाही. महसूल खात्याच्या लेखी एका मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. हवामान खात्याच्या सर्वांत वरच्या वर्गात जायला २०४.५ मिलिमीटर लागतात. एवढं पाणी एका रात्रीत पडलं की गल्लीतला नाला हीच नदी होते. आणि आपल्याकडे जपून ठेवायच्या वस्तू कुठे असतात? दिवाणात, पलंगाखाली, कपाटाच्या तळाच्या कप्प्यात, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोचतं तिथे.

‘पाणी लागलं म्हणजे मेलं.’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. यातूनच चांगल्या वस्तू उकिरड्यावर जातात. इलेक्ट्रॉनिक पट्टी (सर्किट बोर्ड) बनवताना सोल्डरिंगनंतर ती पाण्याने धुण्याची पद्धत कारखान्यांतही आहे. बंद असलेल्या पट्टीला नुसत्या पाण्याचं फारसं भय नाही. घात करतात तीन गोष्टी एकत्र आल्या की: पाण्यातले क्षार आणि घाण, वीज आणि वेळ. क्षारयुक्त पाणी वीज वाहून नेतं. त्यात विजेचा दाब असेल तर पट्टीवरचं तांबं एका रेघेकडून दुसरीकडे सरकू लागतं आणि रेघ कुरतडली जाते. वीज नसेल तर हेच गंजणं संथपणे चालतं, पण चालतं.

एक कॅसेट उघडून बघा. अस्सल निन्टेन्डोच्या बऱ्याच कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू असतो. आपल्याकडच्या नकली कॅसेटी साध्या प्लस पेचकसने किंवा नुसत्या नखाने उघडतात. आत पाहिलं तर एवढ्या मोठ्या डब्यात हाताच्या दोन बोटांएवढी पट्टी आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक थेंब. तो थेंब इपॉक्सीचा, त्याच्याखाली चिप. दिसायला गबाळं काम, पण पुरात हाच थेंब चिपला बऱ्यापैकी सांभाळतो. धोका असतो तो खालच्या कडेला असलेल्या दातांना, म्हणजे जे गेममध्ये घुसतात त्या तांब्याच्या पट्ट्यांना. फॅमिकॉम जातीच्या कॅसेटीला असे ६० दात. १९८३ मध्ये जपानात निघालेल्या त्या यंत्राच्याच या सगळ्या नकला. अस्सल मालात दातांवर सोन्याचा मुलामा असतो. नकलेत तो नावापुरता किंवा तोही नाही.

‘चालतो का बघू, एकदा लावून.’

नाही. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी आपण स्वतःच्या हाताने एकत्र आणतो त्या इथे. ओला गेम एकदा लावून पाहणं हा पुरातल्या नुकसानीचा मोठा वाटा असतो, आणि हा वाटा पुराच्या नावावर खपतो. रिमोट, हातातले गेम, खेळणी यांतले सेल लगेच काढावेत. बंद बटण म्हणजे वीज नाही असं नव्हे.

भिजलेला अॅडॉप्टर मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नये. त्यात थेट २३० व्होल्ट येतात आणि तो नवा मिळतो. घ्यायचा तेवढ्याच व्होल्टचा आणि पिनेची प्लस-मायनस बाजू जुळवूनच. पिन बसली म्हणजे जुळला असं नाही. भिजलेला जुना डब्बा टीव्ही घरी उघडूच नये, पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही जबर दाबाची वीज साठून राहू शकते. आणि ओल उतरलेल्या भिंतीवरचा बोर्ड वायरमनने पाहिल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही, मग गेम जुना असो की नवा.

‘चिखल सुकू द्या, आपोआप झडेल.’

कोकणातली वाळू कदाचित झडेल. आपली काळी कापसाची माती झडत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. हीच माती कॅसेटीच्या दातांत, बटणांखाली, स्क्रूच्या भोकात सुकली की घट्ट बसते. मग ती खरवडावी लागते आणि खरवडताना मुलामा जातो.

म्हणून चिखल ओला असतानाच धुवायचं. लगेच जमत नसेल तर वस्तू स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेली बरी, अर्धवट सुकलेली वाईट. ऐकायला उलटं वाटतं, पण दिवसभराचा प्रश्न असेल तर हाच मार्ग. हातात रबरी मोजे हवेत. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू हातापायाच्या जखमेतून शिरतात.

क्रम असा: डबा उघडायचा, पट्टी बाहेर काढायची, प्लास्टिक साबणाने वेगळं धुवायचं. पट्टी वाहत्या पाण्याखाली मऊ टूथब्रशने, दातांच्या दिशेने. शेवटचं पाणी मात्र नळाचं किंवा बोअरचं नको. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांचं भूजल जड आणि फ्लोराइडचं. सुकलं की पांढरा थर सोडतं. शेवटी खंगाळायला डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते. लोडशेडिंगच्या कृपेने ते गावोगावी मिळतं. मग मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. चिपच्या पायांखाली दडलेल्या पाण्यात ते मिसळतं आणि त्याला सोबत घेऊन उडून जातं. त्याऐवजी सॅनिटायझर चालणार नाही, त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते मागे चिकट राहतं. आयपीए गॅसच्या शेगडीजवळ उघडायचं नाही, आणि कॅसेटीवरच्या कागदी चित्राला लागू द्यायचं नाही. शाई विरघळते.

तांदूळ, ऊन, हेअर ड्रायर

तांदूळ ओल ओढतो हे खरं, पण उघड्या हवेतल्या पंख्यापेक्षा काही जास्त नाही. वर त्याचा भुसा आणि पिठी आत जाते. अॅपलने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना फोन तांदळात ठेवू नका असं लेखी सांगितलं. उन्हाने जुनं प्लास्टिक आणखी पिवळं पडतं, सीडी वाकते, लेबल उडतं. हेअर ड्रायरची गरम हवा पाण्याला आणखी आत ढकलते. सावलीत, टेबल फॅनसमोर, पट्टी उभी करून दोन-तीन दिवस. जुलैच्या दमट हवेत थोडे जास्तच, आणि घाई सुटत नसेल तर पुन्हा ‘चालतो का बघू’ वाचा.

‘फुंकर मारली की चालतो.’

एका अख्ख्या पिढीचा हा विश्वास. फुंकर मारून गेम चालायचा, कारण कॅसेट काढून परत लावली जायची. काम त्या काढण्या-घालण्याचं, श्रेय फुंकरीचं. श्वासातल्या आणि थुंकीतल्या ओलीने दात गंजतात, म्हणून निन्टेन्डोनेच फुंकू नका असं सांगून ठेवलं आहे. पुरातून आलेल्या कॅसेटीला तर अजिबातच नाही. तसंच दातांवर हिरवट थर आला म्हणून चिंच, पितांबरी किंवा पॉलिश पेपरने घासायचं नाही. तो देवघरातला तांब्या नव्हे. घासला की गंजासोबत मुलामाही जातो. कापसाची काडी आणि आयपीए, पुन्हा पुन्हा, काडी पांढरी निघेपर्यंत.

‘आतले गेम पुसले गेले असतील.’

जुन्या अस्सल कॅसेटीतला गेम चिप बनवतानाच तिच्यात कायमचा कोरलेला असतो. पाण्याने तो पुसला जात नाही. जाऊ शकते ती तुमची खेळलेली वाटचाल. झेल्डा किंवा गेमबॉयच्या पोकेमॉनसारख्या कॅसेटीत ती साठवायला नाण्याएवढा सेल असतो. पाण्याने तो शॉर्ट झाला की दहा वर्षांचा पोकेमॉन गेला, आणि तो परत येत नाही. ‘९९९९ इन १’वाल्यांना ही चिंता नाही. त्यात सेव्ह नव्हतंच. कॉन्ट्राच्या शेवटच्या पातळीवर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, त्यासाठी पूर लागत नव्हता. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात सेल नसतो, फ्लॅश चिप असते. ते कॅसेटीसारखंच धुऊन सुकवलं तर वाचण्याची शक्यता चांगली.

सीडी-डीव्हीडीबद्दल लोक खालची चमकणारी बाजू जपतात आणि चित्राची बाजू खाली ठेवतात. सीडीत माहितीचा अॅल्युमिनियमचा थर चित्राच्या अगदी लगत असतो, वर फक्त लाखेचा पातळ पापुद्रा. नाजूक बाजू ती. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने जरा बरं. धुताना गोल गोल पुसायचं नाही, मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल ओरखडा माहितीच्या वाटेवरूनच धावतो आणि यंत्राला चूक भरून काढता येत नाही.

‘खोकी आणि पुस्तिका काय, कागदच तर आहे.’

संग्रह करणाऱ्याला विचारा. पुरात खरं जातं ते हेच. यंत्र आणि कॅसेट वाचते. खोका, सोबतची पुस्तिका, पोस्टर जातं. ओल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरते. त्यातही पुस्तिकांचा गुळगुळीत कागद वाईट, कारण त्याच्यावरचा लेप ओला असताना गोंदासारखा वागतो. पानं एकमेकांना चिकटून सुकली की ती सुटत नाहीत, कोणाकडेही न्या. म्हणून ओली असतानाच पानांमध्ये बटर पेपर सारायचा.

आणि हाताशी वेळ नसेल तर फ्रीझर. हा सल्ला ऐकून घरचे वेड्यात काढतील, पण फ्लोरेन्सला नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीच्या पुराने लाखो ग्रंथ बुडवले, तेव्हापासून जगभरच्या ग्रंथपालांनी ओला कागद वाचवण्याचा जो विचार केला त्यात गोठवणं आघाडीवर आहे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आणि आपल्याला घर आवरायला आठवडे मिळतात. प्लास्टिकच्या पिशवीत एकेक पुस्तिका वेगळी, मग सवडीने एकेक बाहेर काढून सुकवायची. कोथिंबिरीच्या डब्याशेजारी मारिओची पुस्तिका थोडे दिवस राहिली तर बिघडत नाही, फक्त गटाराचं पाणी लागलेलं असेल तर दोन पिशव्या. आपल्याकडे चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ पासूनचं, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. हजारो ओल्या पुस्तकांपुढे घरचे फ्रीझर कुठे पुरणार? आपल्या वीस-पंचवीस पुस्तिकांना ते पुरतात.

‘इंटरनेटवर सगळं मिळतंच की.’

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये, म्हणजे यवतमाळच्या पुराच्याच महिन्यात, एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. तिथली ही स्थिती. आपल्याकडच्या नकली कॅसेटींवर कोणते गेम कोणत्या नावाने होते, कोणाच्या चित्रावर कोणाचं तोंड चिकटवलं होतं, याची नोंद कोण ठेवणार? २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आलेला, हैदराबादेत बनलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आज किती घरांत असेल? गेम म्हणून तो सुमारच होता. पण भारतात बनलेल्या कन्सोल गेमांच्या इतिहासात त्याला डावलता येत नाही.

उरला पैसा. इथे दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, जुना गेम म्हणजे भंगार. दुसरा, जुना गेम म्हणजे लॉटरी. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत १५.६ लाख डॉलरला गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. ती प्रत सीलबंद होती. आपली कॅसेट भावंडांनी दातांनी उघडलेली.

सरकारी मदतीतून संग्रहाची भरपाई मिळेल ही आशाही ठेवू नये. यवतमाळच्या २०२३ च्या पुरानंतर घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजारांची तातडीची मदत जाहीर झाली. ती भांडीकुंडी, कपडे, धान्य यांसाठी, आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात टर्मिनेटरचा रकाना नसतो. विम्यात मात्र जागा आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून आणलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्यात पूर धरलेला आहे. घराचा विमा असेल तर घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. दुर्मीळ वस्तूंची जादा किंमत धरायची असेल तर ती आधी ठरवून वेगळी नोंदवावी लागते. पूर आल्यावर ‘हे फार मौल्यवान होतं हो’ म्हणून उपयोग नाही. दावा करायचा असेल तर चिखलासकट फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि मग धुवायला घ्यायचं. सर्व्हेअर येईपर्यंत वस्तू तशीच सडू द्यावी लागते हाही गैरसमजच. नुकसान वाढू न देणं ही विमेदाराचीच जबाबदारी असते. फक्त जे वाचलं नाही ते त्याला दाखवेपर्यंत फेकायचं नाही, पिशवीत बांधून अंगणात ठेवायचं.