बंब गेला, आता काय?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपापल्या मर्जीने येतात, तेवढं पोटात घाला. पण विषय घरचा आहे, म्हणून इंग्लिश सेक्शनला न देता इथेच देते आहे.

आमचं घर खांबला. मुंबई-गोवा हायवेवर नागोठणं सोडून कोलाडकडे जाताना लागतं ते खांब. (बहुतेकांच्या झोपेतच निघून जातं.) गणपतीच्या सुट्टीत घरी गेले, तर आजीचा तांब्याचा बंब खालून गळत होता. तांबटाने आधी दोनदा जोडून दिला होता. या वेळी म्हणाला, "तळाचा पत्राच उरला नाही, जोडू कशाला?" घरात पाच माणसं आणि मी मेकॅनिकलला, त्यामुळे नवीन काय घ्यायचं हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बंब म्हणजे आपल्या सिलॅबसमधला फायर-ट्यूब बॉयलरच. मध्ये नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. फक्त त्यात वाफ कोंडलेली नसते, त्यामुळे १९२३ चा बॉयलर कायदा किंवा त्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा आजीला लागू होत नाही! पण पडवीतला धूर तिच्या डोळ्यांना आणि खोकल्याला लागू होतो, म्हणून बदल हवाच होता.

आधी हिशोब केला. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण १४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.४ युनिट. पाच जणांच्या पाच बादल्यांना रोज २ युनिट. तापवा कशानेही, पाण्यात एवढी उष्णता जायलाच हवी. फरक पडतो तो वाया किती जाते आणि धोका किती, यात.

दादाचं म्हणणं, सोलर घेऊ. पण आमच्याकडे गरम पाणी खरं लागतं पावसात भिजून आल्यावर, आणि तेव्हाच आठ-आठ दिवस ऊन नसतं. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण तेव्हा टाकीतलं साधं पाणीच गरम येतं. वर मंगलोरी कौलं आणि त्यावर वांदरं. काचेच्या नळ्या किती दिवस टिकतील, तुम्हीच सांगा.

बाबांनी गॅस गीझर जवळजवळ आणलाच होता. तीन-चार मिनिटांत बादली, लाईट गेली तरी चालतो, आणि माझ्या हिशोबाने नुसत्या आंघोळीला एक सिलिंडर दोन-अडीच महिने पुरला असता. इथे मात्र मी भांडले. आमच्या न्हाणीला एकच वीतभर खिडकी आहे, आणि गार वारा सुटला की आजी त्यात गोणपाट कोंबते. बंद जागेत गॅस जळत राहिला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, माणूस खाली बसतो, आणि कडी आतून लावलेली असते. मी आजीला विचारलं, "खिडकी उघडी ठेवशील का?" ती म्हणाली, "आणि मी गारठून मेले तर?" संपला विषय.

"मग बाहेरच्या भिंतीवर लावू," बाबा म्हणाले. बरोबर आहे, तो बाहेरच लावायला हवा. पण त्याला पेटायला पाण्याचा जोर लागतो. आमची टाकी नळापेक्षा चार-पाच फूट वर, म्हणजे फार तर ०.१५ बार. पंप बसवावा लागला असता, मग लाईट गेल्यावर चालण्याचा फायदाही गेला.

राहिला विजेचा. इन्स्टंट नको, कारण संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १८० वर येतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २३० ला ३ किलोवॅट देणारा तिथे १.८ च देतो. बादलीला आठऐवजी तेरा मिनिटं! साठवणीचा गीझर निदान आधी लावून ठेवता येतो. दुकानदार १५ लिटरचा पुरेल म्हणत होता. पण १५ लिटर ६० अंशांचं पाणी विसणलं की आंघोळीचं जेमतेम ३० लिटर होतं, दीड बादली. आम्ही २५ लिटरचा घेतला.

बसवण्याआधी वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहिला, तर तो नुसता लाल झाला. म्हणजे इतकी वर्षं घराला अर्थिंग नावालाच होतं! नवीन खड्डा केला, १६ अँपियरचा वेगळा पॉइंट घेतला, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. (होस्टेलवर बादलीत रॉड टाकून ब्रश करायला जाणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. रेक्टर सरांनी वाचलं नाही तरी चालेल.)

आजीचं समाधान झालेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा बरेच दिवस वीज नव्हती. विहिरीचं पाणी आणि बंब यांवर सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, हे ती विसरू देत नाही. आणि दिवाळीची पहिली आंघोळ तिला बंबाच्याच पाण्याने हवी आहे. शेवटी बाबा बंब घेऊन परत तांबटाकडे गेले. तो तळ सगळा नवीन घालून देणार आहे. धनत्रयोदशीच्या आधी देतो म्हणालाय.