मुका शिष्य

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले, तरी वाकडे ते वाकडेच,' अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. शेपटाच्या बाबतीत ती खरी असेल. परंतु ज्याचे ते शेपूट आहे, त्या प्राण्याच्या बाबतीत ती मुळीच खरी नाही. कुत्र्याइतका शिकाऊ प्राणी क्वचितच आढळेल. खेड्यातील कोणत्याही कुत्र्याला 'यू-यू' म्हणा, तो जवळ येईल. 'हाड' म्हणा, तो मागे सरेल. 'छू' म्हणा, तो कान टवकारून पुढे झेपावेल. ह्या तीन शब्दांचा अर्थ त्याला कोणत्या शाळेत शिकविला? कोठेच नाही. माणसांच्या वागण्यावरून त्याने तो आपणच ओळखला.

कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. शेतीचा शोध लागण्यापूर्वी, माणूस शिकार करून पोट भरत होता, तेव्हाच लांडग्याच्या वंशातील काही प्राणी त्याच्या वस्तीजवळ राहू लागले व पुढे माणसाळले. आपला धर्मराज युधिष्ठिर स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचला, तेव्हा त्याच्यासोबत एक कुत्राच उरला होता आणि त्याला सोडून आत जाण्यास धर्मराजाने नकार दिला, ही महाभारतातील कथा तुम्ही ऐकली असेल. श्रीदत्ताच्या पायांशी कुत्रे आहेत आणि खंडोबाच्या सोबतही कुत्रा आहे. धनगराची मेंढरे आजही रात्री त्याच्याच भरवशावर निर्धास्त झोपतात. १९९३ साली मुंबईत बाँबस्फोट झाले, त्या वेळी झंजीर नावाच्या पोलिसांच्या कुत्र्याने दडवून ठेवलेली स्फोटके वासावरून शोधून दिली आणि अनेकांचे प्राण वाचविले.

मग आपल्या घरचाच कुत्रा हाक मारल्यावर येत का नाही? पादत्राणे का कुरतडतो? पाहुण्यांच्या अंगावर का धावतो? ह्या प्रश्नांचे उत्तर बहुधा कुत्र्यात नसून त्याच्या मालकात असते. शिष्य चांगला असला, तरी गुरूला शिकविता आले पाहिजे.

कुत्रा कसा शिकतो, हे प्रथम समजून घेऊ. इव्हान पावलॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होता. त्या कामाबद्दल त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न तोंडात पडल्यावर कुत्र्याला लाळ सुटते, हे सर्वांनाच ठाऊक होते. परंतु पावलॉव्हच्या ध्यानात आले, की अन्न आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली, तरीही कुत्र्यांना लाळ सुटते. अन्न देण्यापूर्वी प्रत्येक वेळी एक ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी त्या आवाजानेही तीच गोष्ट घडते. म्हणजेच, लागोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टींची सांगड कुत्रा आपल्या मनात घालतो. त्याच्या सर्व शिक्षणाचे मर्म ह्या सांगडीत आहे.

एक उदाहरण घ्या. तुम्ही कुत्र्याला हाक मारली. तो अंगणात काही तरी हुंगत होता. तुम्ही पुन्हा पुन्हा हाका मारल्या. अखेर तो आला आणि उशीर केला म्हणून तुम्ही त्याला चापट मारली. तुमच्या मते ती शिक्षा उशिराची होती. कुत्र्याने मात्र निराळीच सांगड घातली : 'मी जवळ आलो आणि मार बसला.' पुढच्या वेळी तो आणखी लांब पळेल, आणि आपण म्हणू, 'कुत्रा हट्टी आहे!' यास्तव हाकेला ओ देऊन आलेल्या कुत्र्याला, तो कितीही उशिरा आलेला असो, कधीही मारू नये. त्याची पाठ थोपटावी.

आता 'बस' हा शब्द कसा शिकवावा, ते पाहा. भाकरीचा एक लहानसा तुकडा घ्या व तो पिल्लाच्या नाकाजवळ धरून हळूहळू त्याच्या डोक्यावरून मागे न्या. तुकड्यावर नजर ठेवण्यासाठी पिल्लू मान वर करील आणि मान वर गेली, की त्याचा मागचा भाग आपोआप खाली टेकेल. तो टेकताक्षणी 'बस' म्हणा, शाबासकी द्या आणि तुकडा खाऊ घाला. हे बक्षीस क्षणाचाही विलंब न लावता दिले पाहिजे. तुकडा शोधण्यात वेळ गेला आणि तेवढ्यात पिल्लू उठून उभे राहिले, तर बक्षीस उठण्याचे झाले, असे ते समजेल. काही दिवसांनी तुकड्यावाचून नुसत्या शब्दानेही ते बसू लागेल. तेव्हा तुकडा कधी द्यावा, कधी देऊ नये. शाबासकी मात्र नेहमी द्यावी.

शिकविताना आणखी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, शब्द एकच असावा. आईने 'बस', ताईने 'खाली बैस' आणि दादाने 'सिट' म्हटले, तर बिचाऱ्या पिल्लाने कोणाची भाषा शिकावी? दुसरी, धडा लहान असावा. पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ पिल्लाचे मन एका जागी ठरत नाही. तिसरी, घराचा नियम सर्वांचा एक असावा. जेवताना एकाने ताटातला घास टाकायचा आणि दुसऱ्याने हुसकावायचे, ह्याने कुत्रा शिकत नाही, गोंधळतो.

पिल्लाने घरात घाण केली, तर कित्येक लोक त्याचे नाक त्या घाणीत घासतात. ही क्रूर चाल तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. पिल्लू झोपून उठले, जेवले किंवा खेळून थांबले, की लगेच त्याला बाहेर एका ठरावीक जागी न्यावे आणि तेथे काम उरकल्यावर त्याची प्रशंसा करावी. काही आठवड्यांत ते आपण होऊन दाराशी जाऊन उभे राहू लागते. कुरतडण्याचेही कारण असते. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चवथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात व त्यांच्या जागी कायमचे ४२ दात येतात. त्या दिवसांत त्याच्या हिरड्या शिवशिवतात. अशा वेळी त्याला जाड कापडाची घट्ट गाठ चघळावयास द्यावी आणि आपल्या वहाणा उचलून ठेवाव्यात.

शिक्षणाइतकीच निगाही महत्त्वाची आहे. पिल्लू विकत घेतलेले असो वा रस्त्यावरून उचललेले असो, ते आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी शक्यतो त्याला आईपासून तोडू नये. आई व भावंडे ह्यांच्यात राहूनच ते खेळताना किती जोराने चावावे, हे शिकते. घरी आणल्यावर त्याला पशुवैद्याकडे न्यावे, जंतांचे औषध द्यावे आणि रोगप्रतिबंधक लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, तर मोठ्या कुत्र्याला दोन वेळा अन्न द्यावे. स्वच्छ पाणी सदैव असावे. आपल्या घरचा उरलेला रस्सा कुत्र्याला घालू नये. कारण कांदा व लसूण त्याच्या रक्ताला अपायकारक असतात. द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट हे आपले आवडते पदार्थ त्याला विषासमान होत. शिजविलेली हाडे फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुततात, म्हणून तीही देऊ नयेत.

उन्हाळ्यात विशेष जपावे. आपल्याप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य उपाय आहे. यास्तव वैशाखाच्या भर दुपारी त्याला फिरावयास नेऊ नये व उन्हात साखळीने बांधून ठेवू नये. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू टेकवून पाहावी. ती आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पायांनाही तो रस्ता सोसणार नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट सांगतो. ती नीट लक्षात ठेवा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीज ह्या रोगाचे विषाणू असतात आणि त्याच्या चाव्यातून ते माणसाच्या शरीरात शिरतात. ह्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी, वेळीच उपचार घेतले, तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलावर आपल्या लसीचा प्रयोग सुरू केला. त्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले होते. तो मुलगा वाचला.

म्हणून कुत्रा चावला, त्याचा दात लागला किंवा नुसते ओरखडले, तरी जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. तिच्यावर चुना, हळद, तिखट असे काहीही लावू नका. ताबडतोब दवाखान्यात जाऊन डॉक्टर सांगतील तेवढ्या सर्व लसी घ्या. घरचे रागावतील, ह्या भीतीने ही गोष्ट मुळीच लपवू नका. राग दोन दिवसांत ओसरतो; लपविलेला चावा मात्र जिवावर बेततो. आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस टोचणे व पुढे ती पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे नियमित देणे, हे त्याच्या मालकाचे कर्तव्यच आहे.

कुत्रा मुका असला, तरी त्याचे अंग बोलत असते. ओठ मुडपून दात दाखविणे, अंग ताठ करणे, एकटक पाहणे, गुरगुरणे ह्यांचा अर्थ 'दूर राहा' असा असतो. जेवत असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्रीला अथवा कुत्र्याला हात लावू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला, तर पळू नये. झाडासारखे स्तब्ध उभे राहावे व त्याच्या डोळ्यांत पाहू नये.

मुलांनो, पिल्लू पाळण्याची हौस कोणाला नसते? परंतु कुत्रा दहा ते तेरा वर्षे जगतो. आज तुम्ही बारा वर्षांचे असाल, तर तो म्हातारा होईल, तेव्हा तुमचे शिक्षण संपत आलेले असेल. तेवढा काळ सकाळ-संध्याकाळ त्याला फिरविणे, खाऊ घालणे, आजारपणात त्याची शुश्रूषा करणे, हे सारे तुमच्याकडून होईल काय? घरातल्या मोठ्या माणसांसह ह्याचा विचार करून मगच पिल्लू घरी आणा. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे आपल्या संविधानाने सांगितलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. हौस फिटल्यावर कुत्र्याला रस्त्यावर सोडून देणे, हा त्या कर्तव्याचा भंग तर आहेच. पण ज्याने तुमच्यावर विश्वास टाकला, त्याचा तो विश्वासघातही आहे.

तुमच्या घरी पिल्लू आलेच, तर त्याचे शेपूट सरळ करण्याच्या फंदात पडू नका. संध्याकाळी तुम्ही शाळेतून परत याल आणि तेच वाकडे शेपूट आनंदाने हलू लागेल, तेव्हा आपली शिकवणी साधली, असे खुशाल समजा.